तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

ओळखीतलं कोणी मोठी गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो. "काकू, तुमचं आयुष्य गाड्यांच्या आत गेलंय. तुम्हीच सांगा, या मोठ्या एसयूव्हीत इतके पैसे घालण्यात अर्थ आहे का?"

इंजिनातलं मला काही कळत नाही. स्टिअरिंगला मी हात लावला तो त्याच्यावर कव्हर चढवण्यापुरता. त्यामुळे मी एकच गोष्ट विचारते. "शोरूममध्ये गेलात तेव्हा मागे, तिसऱ्या रांगेत बसून पाहिलंत का?" बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. ते पुढे बसतात, काच खालीवर करतात, गाणं लावून बघतात. मग मी विचारते, "तिथे कोण बसणार?" कोणी म्हणतं मुलं बसतील, कोणी म्हणतं सामान राहील. आणि एखादा म्हणतो, "तिथे काय, आईला बसवू."

हे शेवटचं उत्तर ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरच्याला वाटतं, म्हातारीला झालं काय एकदम? काय झालं ते आज सगळं सांगते.

मी इंदूरमध्ये गाड्यांच्या सीटा शिवायचं काम केलं. हो, बाईमाणसानं. आमचे हे मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा घरात फक्त माझं शिलाई मशीन चालू राहिलं. परदेशीपुऱ्यातल्या बायकांचे परकर-ब्लाउज मी शिवत होते, पण मिल बंद झाल्यावर त्या बायकाही जुनंच उसवून, पुन्हा शिवून घालायला लागल्या. तेव्हा ह्यांच्या ओळखीनं मी पलासियाजवळच्या हनीफ उस्तादांच्या दुकानात गेले. त्यांना पायपिंग करणारं माणूस हवं होतं. सीटच्या कडेनं जी बारीक गोल दोरी शिवलेली असते ना, ती पायपिंग. ती सरळ आली तर सीट सुरेख दिसते, जरा वाकडी गेली की सगळी सीट तोंड वाकडं केल्यासारखी.

पहिले काही दिवस लोक मुद्दाम बघायला यायचे. उस्ताद त्यांना इंदुरी हिंदीत, भैयाचं भिया करत, सांगायचे, "भिया, टिकट लगा दूँ क्या? काम है तो बोलो." मग गर्दी पांगायची.

काम तसं सोपं सांगता येतं. जुनं कव्हर उसवायचं, त्याच्या तुकड्यांवरून नवं कापड कापायचं, आतला फोम बसला असेल तर बदलायचा, शिवायचं आणि गादीवर ओढून ताणून बसवायचं. ओढायला ताकद लागते. माझ्या अंगठ्यांची अवस्था तेव्हापासून जी झाली ती आजही तशीच आहे. पण उसवताना जे दिसतं ते मालकालाही माहीत नसतं. कुठला फोम दबलाय, कुठला कोरा आहे, कुठे तेलाचा डाग, कुठे नखानं कुरतडलेलं. घरात कोणाला मान आहे आणि कोणाला नाही, ते सीट उसवली की समजतं.

त्या वर्षांत इंदूरच्या रस्त्यांवर एकाएकी नवनव्या गाड्या दिसायला लागल्या. इतके दिवस शहरात दोन-तीन तऱ्हेच्याच मोटारी होत्या, त्याही रांग लावून मिळायच्या. आता लोक परदेशातून आलेल्या, खोलीएवढ्या गाड्या घेऊन फिरू लागले. गौतमपुऱ्याकडचे एक गृहस्थ जमीन विकून अशी गाडी घेऊन आले. सीटांवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं, आणि ते त्यांना काढायचं नव्हतं. ते म्हणाले, "इसके ऊपर और एक मोटा वाला प्लॅस्टिक चढ़ा दो." मे महिना होता. त्यांच्या सूनबाई उतरल्या तेव्हा साडी सीटला चिकटून टरटर आवाज आला. कडेवरच्या बाळाच्या मांड्या घामोळ्यांनी लाल झाल्या होत्या. मी म्हटलं, दादा, बाळाला त्रास होतोय. ते म्हणाले, बच्चा तो बड़ा हो जाएगा, सीट दुबारा नहीं आएगी.

भंवरकुआंला क्लास चालवणारे एक सर होते. त्यांना ड्रायव्हरची सीट उंच करून हवी होती, बाहेरून पाहणाऱ्याला ते उंच वाटावेत म्हणून. मी फोमवर फोम चढवत गेले, शेवटी त्यांचे पाय ब्रेकवर नीट पोचेनात. सात माणसांची गाडी होती. त्यांची सीट सोडून बाकी सहा जागांचा फोम मी उसवून पाहिला, सगळा कोरा.

अशा लोकांवर आम्ही दुकानात हसायचो. पण दिलीप आला आणि माझं हसू संपलं.

दिलीप म्हणजे आमच्या शेजारच्या सरूमावशीचा मुलगा. सरूमावशी मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. नवरा लवकर गेला. तिनं एकटीनं हा मुलगा वाढवला. सकाळच्या पाळीला जाताना ती त्याला माझ्या सासूबाईंकडे सोडायची, त्यामुळे तो आमच्याच ताटात जेवून मोठा झाला. मला वहिनी म्हणायचा, म्हणजे आमच्या इंदुरी जिभेनं वैनी. मिल बंद झाल्यावर आतली मशिनं भंगारात निघाली. ती उचलणाऱ्या ठेकेदाराकडे दिलीप आधी मुकादम झाला आणि मग स्वतःच ठेके घ्यायला लागला. ज्या मशिनांवर आईनं उमेदीची वर्षं काढली तीही त्यानंच तोडून ट्रकमध्ये भरली. त्याबद्दल मी त्याला बोल लावत नाही. कोणीतरी ती उचलणारच होतं. पुढे तो जमिनींच्या व्यवहारात पडला, एका पार्टनरबरोबर. बंगला झाला, लोक दिलीपभिया म्हणू लागले.

एक दिवस दुकानासमोर ती गाडी येऊन उभी राहिली. काळी, भिंतीसारखी. रस्त्यावरचं ऊनसुद्धा अडलं. दिलीप उडी मारून उतरला. "वैनी, बघ! पूर्ण इंदूरमध्ये अशा मोजक्याच आहेत. सीटांचं कापड पसंत नाही मला, क्रीम कलरचं लेदर टाक. आईपण आलीय."

मागे सरूमावशी होती. मधली सीट पाडल्याशिवाय तिला उतरता येईना, आणि ती पाडायची कशी ते दिलीपला आठवेना. खटपट करून ती पडली. मावशी दोन्ही सीटांच्या फटीतून तिरपी होत, लुगडं सावरत बाहेर आली. पायरी इतकी उंच की मी आणि उस्तादांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला खाली घेतली. ती हसत होती, पण मोठ्या लाजेनं.

"शालू," ती हळूच मला म्हणाली, "आत बसलं की माझे गुडघे हनुवटीला लागतात गं. पण त्याला सांगू नको. हौसेनं घेतलीय त्यानं."

काम करायचं म्हणून मी त्या सीटवर स्वतः बसून पाहिलं. गाडी बाहेरून डोंगराएवढी, आणि मागची सीट म्हणजे फळीवर टाकलेलं पातळ बसकर. खालची जमीन उंच असल्यामुळे पाय खाली सोडता येत नाहीत. पाठीमागे टेकायला उंची नाही. बरोबर खाली मागची चाकं. बाजूची काच कायमची बंद. इतकी मोठी गाडी बनवणाऱ्यांनी सगळी जागा पुढच्या दोघांना वाटून टाकली होती आणि उरलेल्या कोपऱ्याला सीट म्हटलं होतं.

मी दिलीपला सांगितलं, "आईला मधे बसव. मागची सीट म्हाताऱ्या माणसाची नाही."

"मधे पार्टनरच्या घरचे असतात ना, वैनी. त्यांना मागे कसं बसवणार? आईचं काय, ती अ‍ॅडजस्ट करते. हो ना आई?"

"हो रे बाबा, मला काय होतंय," मावशी म्हणाली.

मी क्रीम लेदर शिवलं. पायपिंग कॉफी रंगाचं. खोटं कशाला बोलू, काम इतकं देखणं झालं की उस्तादांनी शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवलं.

त्यानंतर दिलीप सगळ्यांना घेऊन ओंकारेश्वरला निघाला. मावशीची फार वर्षांची इच्छा होती. पुढे दिलीप आणि पार्टनर, मधे पार्टनरची बायको, मुलगी आणि दिलीपची बायको, मागे सरूमावशी आणि नारळ-फुलांच्या पिशव्या. तेव्हाचे आमच्या मध्य प्रदेशचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. सिमरोलचा घाट उतरल्यावर डांबर शोधावं लागायचं. पण गाडी कशी खड्ड्यांवरून उडते ते दिलीपला पार्टनरला दाखवायचं होतं. त्यानं वेग कमी केला नाही. पुढे बसलेल्यांना खरोखरच काही जाणवलं नाही. मागची चाकं एका खोल खड्ड्यात आपटली आणि मावशी सीटवरून उडून तशीच परत बसली.

पुढचं मला मावशीनं स्वतः सांगितलं, खाटेवर पडल्या पडल्या.

"पाठीत कट्कन आवाज आला बघ, शालू. मी हाक मारली, दिलीप म्हणून. समोर गाणी चालू होती. एसीचा आवाज. कोणाला ऐकूच गेलं नाही. काच तरी उघडावी म्हटलं, तर ती उघडत नाही. पिशवीतला नारळ हातात आला, तो मधल्या सीटवर ठोकला तेव्हा पार्टनरची मुलगी वळली."

कणा दबला होता. एक मणका चुरला होता. डॉक्टरांनी पाठीला पट्टा बांधला आणि झोपून राहायला सांगितलं. बडवाहहूनच गाडी परत फिरली होती. ओंकारेश्वर राहिलंच.

मी रोज संध्याकाळी दुकानातून जाता जाता तिच्याकडे जायचे. कुशीवर वळायचं म्हटलं तरी ती चादर मुठीत धरायची. मिलमध्ये दिवसभर उभी राहिलेली बाई, बसायला मिळालं ते असं. माझ्या मनात राग नुसता साठत होता. कोणावर काढावा कळत नव्हतं. गाडी बनवणाऱ्यांवर, रस्त्यावर, दिलीपवर, की सगळं सोसून "मला काय होतंय" म्हणणाऱ्या मावशीवर.

तेवढ्यात दिलीप दुकानात आला. चेहरा उतरलेला होता, नाही असं नाही. म्हणाला, "वैनी, मागच्या सीटला जाड फोम टाक. एकदम बेस्ट वाला. आई बरी झाली की तिला त्रास नको."

"मागच्याच सीटला?"

"हो."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "दिलीप, तू कधी मागे बसलायस?"

"मी कशाला बसू? मी चालवतो."

"आज बस. उस्ताद चालवतील. मिलच्या मागच्या रस्त्यानं एक चक्कर मारून ये, मग तुला पाहिजे तेवढा फोम टाकते."

तो हसला. मी हसले नाही. उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "बैठो दिलीपभिया. अपनी ही गाड़ी है."

दिलीप आत शिरताना त्याच्या विजारीची शिवण उसवली. मी मधल्या सीटवर बसले, त्याच्याकडे तोंड करून. मिलमागचा रस्ता तर सिमरोलच्याही वरताण. उस्ताद काही वेगात गेले नाहीत, पण पहिल्याच गचक्याला दिलीपचं डोकं छताला लागलं. दुसऱ्याला त्याचा गुडघा त्याच्याच तोंडावर आला. तो ओरडला, "रोको, रोको भिया!" उस्तादांनी आरशात बघत विचारलं, "क्या बोले? सुनाई नहीं दिया."

मी थांबवलं. दिलीप उतरला, डोकं चोळत उभा राहिला. मला वाटलं, आता हा रडेल, आईला भेटायला धावेल. तो म्हणाला, "वैनी, या गाड्या आपल्या रस्त्यांसाठी बनलेल्याच नाहीत. तिकडे फॉरेनमध्ये बघ."

तिथे रस्त्यावर माझा आवाज चढला. "मग कोणासाठी घेतलीस? फॉरेनच्या रस्त्यासाठी? पार्टनरसाठी? तुझी आई तुझ्या घरातलं पहिलं माणूस, आणि गाडीत तिची जागा पिशव्यांबरोबर? तिनं नारळ ठोकला तेव्हा तुम्ही वळलात! गाडीचे पैसे वसूल होतात का म्हणून लोकांना विचारत असतोस ना, आईच्या पाठीतून वसूल केलेस तू!"

भाजीवाले थांबून बघत होते. दिलीप लाल झाला. "वैनी, तू माझ्या घरच्या मामल्यात पडू नको," इतकंच बोलून तो गाडी घेऊन निघून गेला. दुकानात परतल्यावर मी उस्तादांना म्हटलं, तुमचं मोठं गिऱ्हाईक घालवलं मी. ते म्हणाले, "मेरी अम्मा होती तो मैं भी यही चाहता कि कोई चिल्लाए." आणि कामाला लागले.

मावशी हळूहळू उठून बसायला लागली. तिच्यासाठी मी दुकानातल्या उरलेल्या फोमची पाठीला टेकायची उशी केली, कंबरेशी जाड आणि वर उतरती. एक दिवस ती म्हणाली, "शालू, ओंकारेश्वर राहिलं बघ. पण त्या गाडीत मी बसणार नाही. जीव गेला तरी नाही."

आमच्या ह्यांच्या खात्यातला एक जुना सोबती मिल बंद झाल्यावर टॅक्सी चालवत होता. छोटी, जुनी, बसकी मोटार. दाराशी उभी राहिली की तिची सीट बरोबर गुडघ्याच्या उंचीला येते, माणसानं नुसतं मागे सरकून बसायचं. मी पुढची सीट उसवून नव्यानं भरली, उशी मागे बांधली आणि मावशीला पुढे बसवलं. आमचे हेही बरोबर होते. ती आधी बसेचना. "पुढे? मी कशाला पुढे? तुझे हे बसतील की." मी दार लावून टाकलं.

आम्ही इतके सावकाश गेलो की बैलगाड्या आम्हाला ओलांडतील असं वाटत होतं. सिमरोलला पोहे खाल्ले. मावशीनं काच खाली केली आणि रस्ताभर ती बाहेरच बघत होती. हे काय, ते काय, विचारत होती. मग म्हणाली, "पुढून रस्ता येताना दिसतो गं." आयुष्यात ती मोटारीत पहिल्यांदाच पुढे बसली होती. नर्मदेच्या पुलावर तिनं खिडकीतूनच हात जोडले, आणि मग एक हात तसाच वाऱ्यावर धरून ठेवला.

दिलीपला हे समजलं तेव्हा तो भडकला. बंगल्यावर मला बोलावून म्हणाला, "लोक काय म्हणतील? दिलीपभियाची आई भाड्याच्या टॅक्सीत? दारात एवढी गाडी असून?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला. तिला मी कधी इतक्या स्वच्छ आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "लोकांना सांग, आई पुढच्या सीटवर बसली होती."

मावशी त्यानंतर काही वर्षं होती. त्याच्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. डॉक्टरकडे जायचं झालं तरी रिक्षा मागवायची.

ती गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी दिलीप पुन्हा दुकानात आला. आता रस्ते रुंद झाले होते, मिलच्या जागी काय काय उभं राहत होतं, उस्ताद थकले होते आणि मीही काम सोडायच्या बेतात होते. त्याच्याकडे नवी गाडी होती, आधीच्या गाडीपेक्षाही लांब. केस पांढरे झाले होते त्याचे. त्यानं मागचं दार उघडलं. एक बटन दाबलं, मधली सीट आपोआप पुढे सरकली आणि खाली पायरी आली.

"बस वैनी. तिसऱ्या रांगेत बस आणि सांग."

मी बसले. सीट खरोखर चांगली होती. पाय खाली सुटत होते, पाठ पूर्ण टेकत होती, डोक्यावर जागा होती. बाजूला काच उघडायचं बटन, हाताला आधार, एसीचा वेगळा झरोका. कोणीतरी विचार करून बनवली होती. मावशी तासन् तास बसली असती तिथे. मी गादीवरून हात फिरवला, ती दाबून पाहिली. फोम दाट, सारखा, कुठेही न दबलेला.

"आहे ना आरामाची?" दिलीपनं बाहेरून विचारलं.

"आहे. इथे कोण बसतं?"

"कोणी नाही. मुलगा बाहेरगावी शिकतो. पार्टनर वेगळा झाला. मी आणि ही, दोघंच पुढे." मग एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाला, "म्हणूनच आलो. त्या सीटवर एक कव्हर शिवून टाक, वैनी. नुसती धूळ बसते."

मला राग आला, पण तो कुठल्या बाजूनं बाहेर काढावा ते सुचेना. समोर उभा असलेला म्हातारा होत चाललेला माणूस आमच्याच ताटात जेवलेला होता. बटन दाबून मी काच खाली केली, ती सहज खाली गेली.

"दुसरीकडे शिवून घे, दिलीप," मी म्हटलं. "या सीटवर कव्हर घालायला माझा हात चालणार नाही."